दावण आणि दप्तर

शेतकऱ्याच्या घराचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य प्रथम जमिनीच्या उताऱ्याकडे वळतो. जमीन किती, आकार किती, बोजा कोणाचा, हे त्या कागदावरून कळते. आणि आम्हां सरकारी नोकरांची दृष्टी तर त्या कागदानेच घडविलेली असते. परंतु ज्या घरात पाचसहा माणसे, एक बैलजोडी, एखादी म्हैस, दोन शेळ्या आणि डालग्याखाली चार कोंबड्या नांदतात, त्या घराची हकीकत नुसत्या जमिनीच्या कागदावरून कळत नाही. ती कळण्यासाठी गोठ्यात, जनावरे ओळीने बांधलेली असतात त्या दावणीपाशी जावे लागते. दख्खनच्या पठारावरील अशा लहान शेतकऱ्याच्या घराची गेल्या दोनशे वर्षांची हकीकत दावणीवरून सांगता येईल तेवढी सांगावी, असा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

हा विषय सुचला तो एका प्रसंगावरून. २०१३ सालच्या उन्हाळ्यात माणदेशात मोठी टंचाई होती. विहिरी आटल्या होत्या, कडबा मिळेनासा झाला होता, आणि जनावरे जगविण्यासाठी ठिकठिकाणी चारा छावण्या उघडाव्या लागल्या होत्या. अशाच एका छावणीच्या देखरेखीवर माझी नेमणूक झाली होती. तेथील नोंदवहीत दोनच रकाने होते : मोठे जनावर आणि लहान जनावर. लहान जनावर म्हणजे वासरू किंवा रेडकू; शेळी त्यात बसत नव्हती. एके दिवशी भर दुपारी एक वृद्ध बाई दोन बैल आणि एक शेळी घेऊन आल्या. बैलांची नोंद झाली. शेळीपाशी लेखनिक अडला व त्याने माझ्याकडे पाहिले. मी नियम सांगितला : "आजी, शेळीची सोय इथे होत नाही. बैल ठेवा, शेळी घरी न्या." बाईंनी वाद घातला नाही. एवढेच म्हणाल्या, "बैलं मालकाची हायती, सायेब. शेरडू तेवढं माझं हाय."

मी पुढच्या माणसाकडे वळलो. मागे रांग मोठी होती. पण ते वाक्य मनात राहिले. एकाच दावणीच्या जनावरांत कारभाऱ्याची जनावरे निराळी आणि कारभारणीची निराळी, ही वाटणी मला कोणत्याही नमुन्यात, कोणत्याही तक्त्यात पूर्वी आढळली नव्हती. दप्तराला कोणती जनावरे दिसतात आणि घर कोणत्या जनावरांवर चालते, हा प्रश्न घेऊन मी जुनी पुस्तके व अहवाल चाळू लागलो. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून जे वाचले होते तेच पुन्हा वाचले. फरक एवढाच की, या वेळी शेळी कोठे आहे ते पाहत गेलो.

पेशवाईचा अस्त १८१८ साली झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८२० साली, कंपनी सरकारच्या नोकरीतील टॉमस कोट्स नावाच्या एका डॉक्टराने पुण्याजवळच्या लोणी या गावाची हकीकत मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे वाचली. १८२३ साली ती छापली गेली. पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या वाटेवरील लोणीकंद ते हेच. या गावाकडे प्राध्यापक घुर्ये यांनी पुढे सव्वाशे वर्षांनी पुन्हा लक्ष दिले व १९६० साली त्यावर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. म्हणजे आपल्या देशातील ज्या थोड्या खेड्यांकडे अभ्यासकांनी इतक्या अंतराने दोनदा निरखून पाहिले, त्यांपैकी हे एक.

कोट्सने कुणब्याचा दिवस जवळून पाहिलेला दिसतो. कोंबडा आरवला की कुणबी उठतो, हातपाय धुतो, देवाचे नाव घेतो, तंबाखूची चिमूट तोंडात टाकतो आणि बैल सोडून शेताची वाट धरतो. वाटेत गवत असेल तर बैलांना चरत चरत जाऊ देतो. न्याहारीला रात्रीची भाकरी. दुपारचे जेवण घरधनीण शेतावर घेऊन येते. मग झाडाखाली घटकाभर पडणे, पुन्हा काम, आणि दिवस मावळल्यावर परत. घरी आल्यावर प्रथम बैलांना वैरण, मग स्वतःची भाकर.

वर्णन मनोवेधक आहे आणि खरेही आहे. त्यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हा दिवस माणसाचा आहे तितकाच बैलाचाही आहे. बैल सुटतात तेव्हा दिवस सुरू होतो, बैल बांधले जातात तेव्हा तो संपतो. औत कधी सोडावयाचे हे उन्हावरून आणि बैलाच्या खांद्यावरून ठरे. मात्र कोंबडा आरवण्याच्या आधी आणि बैल बांधल्यानंतर घरात काय चाले, याचा तपशील मिळविण्यास कोट्सच्या मागोमाग शेतावर जाऊन भागत नाही. त्यासाठी घरात थांबावे लागते.

घरात थांबणाऱ्याला जो दिवस दिसतो तो याहून मोठा आहे. बाई उठे ती कोंबड्याच्या आधी. जात्यावर दळण, मग गोठा. रात्रीचे शेण गोळा करून पाटी डोक्यावर घ्यावयाची, मूत मुरलेली माती खरवडून उकिरड्यावर टाकावयाची, गव्हाणीतील उष्टी वैरण झाडून काढावयाची. म्हैस असेल तर तिला आंबोण दाखवून धार काढावयाची. पारडाला पान्हा सोडण्यापुरते लावून लगेच ओढून घ्यावयाचे, आणि मागे त्याच्यापुरते दूध कासेत ठेवावयाचे. किती ठेवावे हा हिशेब कोणी लिहून ठेवलेला नाही. घरची लेकरे आणि म्हशीचे पारडू यांच्यातील ही रोजची वाटणी बाईच्या बोटांनी होत असे.

त्यानंतर शेणाचा प्रश्न. शेणाचे करावयाचे काय, हा शेतकऱ्याच्या घरातील जुना पेच आहे. गोवऱ्या थापल्या तर चूल पेटते. उकिरड्यात घातले तर शेत पिकते. दोन्ही एका शेणात होत नाही. १८८९ साली हिंदुस्थानात आलेले कृषिरसायनज्ञ व्होल्कर यांनी आपल्या १८९३ च्या अहवालात या पेचाची योग्य उकल केली आहे. शेतकरी अडाणी म्हणून शेण जाळतो असे नव्हे. सरपण मिळत नाही म्हणून जाळतो, असा त्यांच्या विवेचनाचा सारांश. आमच्याकडील बाई या पेचातून ऋतुमानाप्रमाणे वाट काढी. उन्हाळ्यात गोवऱ्या थापून कलवड रचावयाचा, पावसाळ्यात गोवरी वाळत नाही तेव्हा सारे शेण उकिरड्यावर. शिवाय सारवणाला रोजचे थोडे निराळेच. रानातील तुऱ्हाट्या, पळाट्या, बाभळीचे काटुक यांची मोळी तिने आणली की तेवढे शेण शेताला मिळे. पिकाच्या उताऱ्यात या मोळीचा हिस्सा असतो. आणेवारीत तो धरला जात नाही.

आता बैलांकडे वळू. दप्तरात ज्याला मानाची जागा मिळाली असे घरातील जनावर म्हणजे बैल. याचे कारण उघड आहे. बैल म्हणजे शेती, शेती म्हणजे सारा. काळ्या जमिनीत जुना लाकडी नांगर ओढावयास चार, सहा, प्रसंगी आठ बैल लागत. लहान शेतकऱ्याच्या दावणीला एक जोडी. म्हणून शेजाऱ्यांशी सावड करावी लागे. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. कोणी अडला असेल तर इर्जिक घालून साऱ्यांनी त्याचे रान नांगरून द्यावे आणि त्याने जेवण घालावे, ही रीतही याच गरजेतून आली. नांगर, कुळव, पाभर, कोळपे, मोट, गाडी आणि शेवटी खळ्यावर तिवड्याभोवती फिरणारी पात : बियाणे मातीत जाण्यापासून धान्य कणगीत पडेपर्यंत बैलाचा खांदा कोठे सुटला नाही. माणदेशचा खिलार, अकोले-इगतपुरीकडचा डांगी, लातूरकडची देवणी, नांदेडकडची लाल कंधारी, अशा जाती त्या त्या मातीने आणि त्या त्या कामाने घडविल्या. पोळ्याला, आणि दक्षिणेकडील जिल्ह्यांत बेंदराला, बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळून त्याला पुरणपोळी चारावयाची, त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवावयाचे नाही, ही कृतज्ञता खरीच होती.

पण बैल जितका मोलाचा, तितका तो घराला गुंतविणाराही. जोडीतला एक मेला तर उरलेला निरुपयोगी होई, आणि पेरणी तर कोणासाठी थांबत नाही. मग सावकार. कोट्सच्या काळीच लोणीतील चौऱ्याऐंशी शेतकऱ्यांपैकी कर्जातून मोकळे असे पंधरा-सोळाच होते. पुढे रोख साऱ्याची पद्धत आली, कोर्टे आली, जमिनीला बाजार आला, आणि कर्जाचे स्वरूप अधिक कठोर झाले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडून कर्जरोखे जाळले. तो वणवा पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी निराळा कायदा करून कर्जापायी होणारी त्यांची कैद बंद केली. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील ६० व्या कलमाने शेतकऱ्याची अवजारे, बियाणे आणि शेतीवर चरितार्थ चालविण्यास आवश्यक अशी जनावरे जप्तीतून वगळली आहेत. बैलाला कायद्याचे संरक्षण मिळाले, हे चांगलेच झाले. मात्र कायद्याने जनावर पाहिले ते शेतीचे साधन म्हणून. ज्याच्यावाचून पेरणी अडते ते जनावर आवश्यक. ज्याच्यावाचून चूल अडते त्याचे काय, हा प्रश्न तेथे उपस्थित झाला नाही.

चूल ज्यांच्यामुळे अडत नसे ती जनावरे लहान होती. शेळीला कडबा लागत नाही, पेंड लागत नाही. बांधावरचा पाला, बाभळीच्या शेंगा, बोरीचा झुडपाडा यांवर ती जगते, पाच महिन्यांत विते आणि पुष्कळदा जुळे देते. आजारी लेकराला दूध हवे असेल तर तांब्याभर तरी तिच्याकडे मिळते. करडू वाढवून बाजारी नेले की लेकीच्या बाळंतपणाचा, पाहुण्याच्या आहेराचा, शाळेच्या पुस्तकांचा खर्च भागतो. कोंबडीची अंडी म्हणजे मीठमिरचीचे आणि काडीपेटीचे पैसे. हे पैसे कारभाऱ्याच्या हाती जात नसत. मुलीला सासरी जाताना आंदण म्हणून गाय किंवा शेळी देण्याची रीत पुष्कळ घरांत होती. पुढे तिच्या वेतातून जे वाढेल ते त्या मुलीचे समजले जाई. ज्या बाईपाशी शेळी घेण्याइतकेही पैसे नसत, ती दुसरीची शेळी अर्धेलीने सांभाळी आणि करडांच्या वाटणीतून स्वतःची करी. जिच्या नावाचा सातबारा नव्हता अशा बाईची मालमत्ता ती हीच, दोरीला बांधून घेऊन जाता येण्याजोगी.

या जनावरांची दप्तरात काय नोंद होती? शेळी दप्तरात प्रामुख्याने भेटते ती आरोपी म्हणून. १८७१ च्या कायद्याने मोकाट जनावरांसाठी कोंडवाड्यांची व्यवस्था आली. १८७८ च्या कायद्याने राखीव रानांच्या हद्दी पक्क्या झाल्या. शेतात शिरलेले किंवा रानात चरणारे जनावर कोंडले गेले की दंड भरून सोडवावयाचे. जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकात जंगलखात्यावर जो संताप व्यक्त केला आहे, त्यात गरिबांच्या गुरांची आणि शेरडांचीही चराई बंद झाल्याचे दुःख आहे. शेतकऱ्याच्या घराचे वर्णन करतानाही त्यांची दृष्टी गोठ्यावर गेल्यावाचून राहिलेली नाही. पुस्तकाचे नावच औताच्या बैलावर उगारावयाच्या चाबकावरून घेतलेले. दावण ज्याने आतून पाहिली आहे अशाचेच हे लेखन आहे, हे वाचताना पदोपदी जाणवते. शेळी झाडांची रोपे खाते, हे खोटे नाही, आणि रान राखले पाहिजे हेही खरे. परंतु सरकारी कागदात शेळीने केलेली नासाडी मोजली गेली, आणि तिने तगविलेली घरे मोजली गेली नाहीत, एवढे नमूद केले पाहिजे.

ही घरे तगविण्याची कसोटी दुष्काळात लागे. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, १८९६-९७ चा, त्याच्या पाठोपाठ १८९९-१९०० चा. या प्रत्येकात दावण रिकामी होण्याचा क्रम जवळपास सारखाच दिसतो. प्रथम कोंबड्या जात. मग शेळ्या, एकामागून एक, आठवड्याच्या बाजाराला. मग बाईच्या अंगावरचे डाग. मग म्हैस. बैल शेवटपर्यंत राखले जात, कारण बैल गेले म्हणजे पाऊस पडूनही उपयोग नाही. दुष्काळात जनावर मातीमोलाने विकले जाते आणि धान्य सोन्याच्या मोलाने घ्यावे लागते; पाऊस झाल्यावर नेमके उलट. म्हणून बैल विकलेले घर पुढच्या हंगामात शेत असूनही दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाई. जे घर सावरले, ते पुष्कळदा मागे राहिलेल्या एखाद्या पाठीच्या वेतावर सावरले. तिची करडे विकून म्हशीचे पारडू, ते वाढवून म्हैस, म्हशीच्या तुपातून हळूहळू एक खोंड : अशी ही शिडी. शिडीची सर्वांत खालची पायरी बाईने धरलेली असे, आणि घर वर चढल्यावर नोंद होई ती खोंडाची.

हे सर्व सांगताना त्या घरावर सोनेरी रंग चढविण्याचा मोह टाळला पाहिजे. दावणीच्या भोवतीचे जग प्रेमळ होते, तसे ते निष्ठुरही होते. जनावर जिवंत असेपर्यंत त्याची पूजा होई; ते मेले की त्याला हात लावणे विटाळाचे ठरे, आणि ते ओढून नेण्याचे काम महारांवर लादले जाई. त्या कातड्याची मोट चांभार शिवी, नाडा-सोल मांग वळी. त्या मोटेचे पाणी शेताला चाले, आणि मोट शिवणाऱ्याचा हात पाणवठ्याला चालत नसे. १९२७ सालच्या मार्चमध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचा उपदेश केला, तो याच व्यवस्थेची एक बेडी तोडण्यासाठी. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला. गोठ्याच्या इतिहासात हे पान गाळले, तर तो इतिहास अर्धाच राहील. गुरे राखणाऱ्या पोरांचेही तसेच. गुराख्याच्या पाव्याची कौतुके पुष्कळ झाली. पण घरातले एक मूल, बहुधा मुलगी किंवा धाकटा मुलगा, शेळ्यांमागे जाई म्हणून शाळेत जात नसे, ही त्या पाव्यामागची हकीकत आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडे दोन महत्त्वाची पुस्तके झाली. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गाव-गाडा' प्रसिद्ध झाले. आत्रे स्वतः महसूल खात्यातले. कागदाच्या पलीकडचे गाव पाहण्याची दृष्टी त्यांना होती, आणि आम्हां नोकरदारांना त्यांचे पुस्तक अजून पुष्कळ शिकवील. दुसरे पुस्तक डॉ. हॅरल्ड मॅन यांचे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे ते प्राचार्य. पिंपळे सौदागर या पुण्याजवळच्या गावाची त्यांनी केलेली पाहणी १९१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांना असे आढळले की, १७७१ साली या गावातील सरासरी धारणा ४० एकरांच्या आसपास होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. आता एक बैलजोडी वीसएक एकर कोरडवाहू रान सहज वाहते. सात एकरांत तिला पुरेसे काम नाही आणि पुरेशी वैरणही नाही. म्हणजे ज्या जनावरावर घराची प्रतिष्ठा उभी होती, तेच घराला परवडेनासे होत चालले होते. आणि ज्या जनावरांना दप्तरात मान नव्हता, त्यांच्यावर घराचा भार अधिकाधिक पडत होता.

पुढची हकीकत आपल्या आठवणीतील आहे. मोटेच्या जागी इंजिन व विजेचा पंप आला, गाडीच्या जागी टेम्पो, नांगराच्या जागी ट्रॅक्टर. १९७० साली सुरू झालेल्या दुग्धविकासाच्या राष्ट्रीय योजनेनंतर आणि सहकारी दूधसंघांच्या वाढीमुळे लहान शेतकऱ्याच्या दारी रोख पैसा येऊ लागला. याचे श्रेय कमी लेखता येणार नाही. कोरडवाहू भागातील कितीतरी मुले दुधाच्या पैशावर शिकली. त्याच वेळी एक लहानशी गोष्ट बदलली. दूध घरात असताना त्याचे दही, ताक, लोणी, तूप होई, आणि तुपाच्या विक्रीचा पैसा बाईच्या मुठीत येई. ताक तर विकावयाचे नाही, मागेल त्याला द्यावयाचे, असा दंडक होता. ज्याच्या घरी दुभते नाही त्याच्या मुलांना त्यातून कालवण मिळे. दूध पहाटे संकलन केंद्रावर जाऊ लागले, तसे ताक गेले आणि तुपाची मूठही सैल झाली. दुधाचे खाते पुष्कळ घरी कारभाऱ्याच्या नावाने निघाले. धार काढणारे हात मात्र बदलले नाहीत.

जनावरांची गणना आपल्या देशात १९१९-२० पासून होत आली आहे. २०१९ साली विसावी पशुगणना झाली. तीत गाईबैल सुमारे १९ कोटी २५ लक्ष भरले आणि शेळ्या सुमारे १४ कोटी ८९ लक्ष. २०१२ च्या मागील गणनेशी ताडून पाहता गाईबैलांची एकूण संख्या जवळपास स्थिर राहिली. शेळ्या दहा टक्क्यांनी वाढल्या, आणि परसातील कोंबड्या तर सुमारे शेकडा ४६ नी. बैल मात्र घटत गेला. हे आकडे वाचताना मला मॅन यांची सात एकरांची सरासरी आठवते. धारणा लहान झाली, बैल गेला, पण घर उठले नाही. ते शेळीकोंबडीच्या आधाराने उभे राहिले. म्हणजे ज्या जनावरांना दप्तरात मानाची जागा नव्हती, त्यांनी आपली जागा आकड्यांच्या बळावर मिळविली. आता त्यांना रकाना आहे. त्यांना सांभाळणाऱ्या हातांना रकाना मिळावयाचा आहे. शेतकरी कोण, असे विचारले की आपण जमिनीच्या कागदावरील नाव वाचतो. पहाटे गोठ्यात जिचे हात शेणाने भरलेले असतात तिचे नाव त्या कागदावर बहुधा नसते.

पिंपळे सौदागर आता पिंपरी-चिंचवड शहरात गेले आहे. मॅन यांनी जेथे वाफे आणि बांध मोजले, तेथे उंच इमारती आहेत. तेथील, आणि महाराष्ट्राबाहेर इंदूर-बडोद्यापासून बंगळूर-दिल्लीपर्यंत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील कितीकांच्या आजीपणजीने कधीकाळी अशी एखादी दावण सांभाळली असेल. तिचे फोटो क्वचितच मिळतील, कागद तर नाहीतच. पण घरात कोणी वृद्ध माणूस असेल तर त्यांना एवढे विचारून पाहावे : तुमच्या घरी कोणती जनावरे होती, आणि त्यांतले तुमच्या आईचे कोणते? या दुसऱ्या प्रश्नाचे जे उत्तर मिळेल ते लिहून ठेवावे. सरकारी अभिलेखागारात ते सापडणार नाही.

शेवटी त्या छावणीकडे परत जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तपासणीस निघालो, तेव्हा छावणीच्या कुंपणाबाहेर चिंचेखाली ती शेळी बांधलेली दिसली. आजी तिला घेऊन घरी गेल्याच नव्हत्या. थोड्या वेळाने त्या कुंपणातून बाहेर आल्या. पदराखाली उसाच्या वाढ्याची एक पेंढी होती, बैलांच्या वाट्यातून काढलेली. बैलांची वैरण तोलून दिलेली, तिची नोंद माझ्याच वहीत. नियमाने पाहिले तर ही अफरातफर होती. आजींनी मला पाहिले आणि पेंढी तशीच पदराखाली धरून त्या उभ्या राहिल्या.

मी वही उघडली नाही. दुसऱ्या रांगेकडे निघून गेलो. मी काही मोठे औदार्य केले असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. आदल्या दिवशी नियम सांगताना जे मला दिसले नव्हते, ते त्या बैलांच्या गव्हाणीतून पेंढीभर बाजूला काढून त्यांनी स्वतःच्या पद्धतीने दुरुस्त केले होते. पाऊस आला तेव्हा छावणी उठली. जनावरे मोजून ज्याची त्याच्या ताब्यात दिली. वहीत आजींच्या घरापुढे मी शेवटची नोंद केली : मोठी जनावरे, दोन. आणि ती तीन जनावरे आपल्या गावच्या वाटेला लागली.